मालिकेतला बिचवा आणि आमची नक्कल



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही 'बिचवा' म्हणालो. पलीकडे जरा शांतता झाली. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस शस्त्रावर काय बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यात आम्ही पुढे म्हणालो, खरा बिचवा नाही, टीव्हीवरच्या मालिकेतला. आणि त्याचीही नक्कल. तेव्हा मात्र ते हसले. (हशा) तुम्हीही हसलात, चांगलं झालं. शेवटी हसू येणार नाही, म्हणून आत्ताच हसून घ्या.

आणखी एक खुलासा. आज 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो मोठेपणाचा नाही. ही वस्तू म्हसा आणि आसपासच्या पाड्यांतल्या सात-आठ जणांनी मिळून केली. श्रेय सगळ्यांचं, चूकही सगळ्यांची. म्हणून आम्ही.

म्हसा कुठे हे इथे सांगायला नको. पण हे व्याख्यान पुढे लिहून काढलं जाणार आहे, दूरचे लोक वाचतील, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातलं हे गाव. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांचा मोठा बाजार, घोंगड्या, आणि लोखंडी अवजारं: कोयते, विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ. आमच्या लहानपणी वर्षभराचा कोयता म्हशाच्या जत्रेतच घ्यायचा असा घरोघरचा नेम होता. धार अंगठ्यावर आडवी बघायची, पात्यावर नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, मग भाव करायचा. लोखंड ओळखायला आम्ही तिथे शिकलो, पुस्तकात नाही.

तर काही वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी तरुण मुलांनी प्रतापगडाचा प्रसंग करायचं ठरवलं. कपडे भाड्याने आणता येत होते. तलवारीही मिळत होत्या. अडलं ते बिचव्यापाशी. भाड्याचा बिचवा त्यांना पसंत पडेना. म्हणाले, "सर, शिरियलमधला पायजे. तसाच. लोकांनी बघितला की लगेच ओळखला पायजे." मालिकेचं नाव आम्ही घेणार नाही, त्याची गरज नाही. आम्ही विचारलं, "तसाच म्हणजे कसा?" मुलं गप्प. एकाने मोबाइल पुढे केला, चित्र थांबवलं आणि म्हणाला, "हा असा."

मंडळी, हा 'असा' नावाचा प्रश्न फार जुना आहे. आपल्या नैयायिकांनी उपमान नावाचं एक प्रमाण मानलं. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे गाय आणि गवय. गावातल्या माणसाने गवय पाहिलेला नसतो. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. मग हा रानात जातो, गाईसारखं जनावर दिसतं, आणि त्याला कळतं की हाच तो गवय. ज्ञान झालं खरं, पण ते सगळं त्या 'सारखा' शब्दावर उभं आहे. सांगणाऱ्याने गवय खरोखर पाहिलेला असला पाहिजे, ही पहिली अट. ती मोडली तर बाकी सगळं कोसळतं. आमच्या बाबतीत सांगणारा कोण? टीव्ही. टीव्हीने बिचवा पाहिला होता का, हे आम्ही त्या दिवशी विचारलं नाही. उत्साह होता.

काम कसं झालं ते आधी सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

पडद्यावरच्या वस्तूचं माप काढणं सोपं वाटतं, पण नसतं. वस्तू कॅमेऱ्याजवळ आली की मोठी दिसते, तिरपी झाली की आखूड दिसते. आपल्याकडच्या टीव्हीत सेकंदाला २५ चित्रं असतात. हात वेगाने फिरला की प्रत्येक चित्रात पातं पुसट होतं. म्हणून आम्ही तीन अटी ठरवल्या. पातं कॅमेऱ्याला आडवं असलं पाहिजे, टोकापासून मुठीपर्यंत अख्खं दिसलं पाहिजे, आणि हात स्थिर पाहिजे. प्रसंग चांगला लांबलचक. पण तीनही अटी पुऱ्या करणारी चित्रं मोजून चार निघाली.

इंचात माप मिळत नव्हतंच, तेव्हा आधी प्रमाण काढलं. मूठ एक धरली तर पातं किती, वाक कुठे सुरू होतो, सर्वांत रुंद कुठे. ते कागदावर उतरवलं, मग पुठ्ठ्यावर. आता खरं माप कशावरून काढायचं? नटाच्या हातावरून. चार बोटं मुठीत बसलेली दिसत होती. मोठ्या माणसाच्या चार बोटांची रुंदी साधारण सव्वातीन-साडेतीन इंच. तिथून बाकी हिशोब. पहिला पुठ्ठा कापला तर बिचवा कोयत्याएवढा झाला! कारण तो नट अंगाने किडकिडीत होता आणि आम्ही माप धरलं होतं आमच्यातल्या थोराड मुलाच्या हाताचं. पुन्हा कापला.

मग एक गंमत ध्यानात आली. चारपैकी तीन चित्रांत पातं एकसारखं, चौथ्यात निराळं. वाक कमी, टोक बोथट, चकाकी नाही. मुलं चक्रावली. आम्हीही. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर समजलं की एका प्रसंगात बिचवे दोन आहेत. नाटक-सिनेमाच्या धंद्यात ही रोजची गोष्ट. जवळून दाखवायची वस्तू धातूची, कोरीव, चकचकीत. झटापटीतली वस्तू रबराची किंवा फायबरची, कुणाला इजा होऊ नये म्हणून. प्रेक्षक दोन्ही पाहतो आणि 'तोच हा' म्हणून ओळखतो.

'तोच हा' या ओळखण्याला आपल्या परंपरेत प्रत्यभिज्ञा म्हणतात. काल काशीत पाहिला तोच हा देवदत्त, अशी ती ओळख. बौद्धांनी त्यावर हरकत घेतली: ओळख पटली म्हणून वस्तू एकच असं ठरत नाही. दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, आपण म्हणतो तीच ज्योत. कापलेली नखं पुन्हा वाढतात, आपण म्हणतो तीच नखं. उदाहरण नखांचंच आहे हे पाहा. वाघनखाकडे आपल्याला यायचंच आहे.

पुठ्ठा घेऊन आम्ही एका म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो. त्याने पुठ्ठा हातात धरला, मनगट दोनदा फिरवलं आणि परत दिला. म्हणाला, "हा मारायचा नाय, हा दाखवायचा हाय." कसं ओळखलंत, विचारलं. त्याने तीन गोष्टी दाखवल्या. मुठीचं कडं इतकं मोठं की हात आत खुळखुळतो, जोर लावला की पातं फिरणार. वाक शोभेचा, घाव घालताना टोक नेमकं समोर येत नाही. आणि लांबी अशी की अस्तनीत लपणार नाही. मंडळी, तिसरा मुद्दा ऐकून आम्ही खाली बसलो. सबंध प्रसंगाचा जीव लपवण्यात आहे, आणि मालिकेतला बिचवा लपवण्याजोगा नव्हता. तो शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसावा म्हणून मोठा केला होता. यात मालिकेवाल्यांची चूक नाही. त्यांची वस्तू त्यांच्या कामाला अगदी योग्य होती.

खरा बिचवा कसा असतो? नाव विंचवावरून. नांगीसारखं दुहेरी वळणाचं, अरुंद, आखूड पातं. मूठ म्हणजे बहुधा एक कडं, बोटांवरून फिरून येणारं आणि हाताला घट्ट बसणारं. म्हशीच्या शिंगाच्या आकारावरून हे हत्यार दक्षिणेकडे घडलं असं शस्त्रांचे अभ्यासक मानतात. कट्यार निराळी: तिचं पातं सरळ, मूठ आडव्या दांड्यांची, सगळा जोर समोर. वाघनख तर पंजाच्या आत बसणारं, बंद मुठीत न दिसणारं. ही तीन हत्यारं आपल्या बोलण्यात सर्रास एकमेकांत मिसळतात, मिरवणुकीत तर फारच.

मग इतिहासाकडे वळलो. खरं म्हणजे आधी तिकडेच वळायला हवं होतं. अफझलखान प्रतापगडाखाली मारला गेला तो दिवस १० नोव्हेंबर १६५९, शके १५८१ची मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. याबद्दल वाद नाही, जेधे शकावलीत नोंद आहे. पण शस्त्र कोणतं? शकावली शस्त्राच्या तपशिलात शिरत नाही. महाराजांच्या काळात परमानंदाने रचलेल्या संस्कृत शिवभारतात खानाच्या पोटात शिरते ती कृपाणिका. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत एका हाती वाघनख, दुसऱ्या हाती बिचवा. नंतरच्या पिढीत फारसीत लिहिणारा खाफीखान बिचवा म्हणतो, पण तो अस्तनीखाली बोटांवर चढवला होता असं वर्णन करतो, म्हणजे नाव बिचव्याचं आणि रूप वाघनखाचं! पुढे १८२६ साली ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास छापला गेला, त्यात दोन्ही हत्यारं आहेत.

हाच जेम्स ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्याला रेसिडेंट होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं वाघनख त्याच्या घराण्याकडून तिथे गेलं. २०२४च्या जुलैत ते काही वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आणून साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवलं गेलं, तेव्हा केवढी चर्चा झाली ती आपण वाचली आहे. काही अभ्यासकांनी हरकत घेतली. आणि संग्रहालयाने स्वतःच म्हटलं आहे की साडेतीनशे वर्षांपूर्वी वापरलं ते हेच, हे सिद्ध करता येत नाही.

त्या वादात आम्हाला पडायचं नाही. आम्हाला त्या वाघनखापेक्षा त्याच्या पेटीत जास्त रस आहे. पेटीवर इंग्रजीत मजकूर आहे. शिवाजीने ज्याने मोगल सरदाराला मारलं ते हे वाघनख, ते ग्रँट डफला साताऱ्याला असताना पेशव्यांच्या प्रधानाने दिलं, असा त्याचा आशय. आता सांगा, अफझलखान मोगल सरदार होता का? शाळेतलं पोर सांगेल, तो विजापूरच्या आदिलशाहीचा. म्हणजे वस्तू काय असेल ती असो, तिला चिकटवलेली चिठ्ठी चुकली. आणि वस्तू बोलत नाही, बोलते ती चिठ्ठी. दोनशे वर्षं ती चिठ्ठी वस्तूबरोबर फिरते आहे.

याच संग्रहालयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नकला करणं हे त्यांनी एके काळी मोठं सार्वजनिक काम मानलं होतं. १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळी तिथले प्रमुख हेन्री कोल यांनी पुढाकार घेऊन युरोपातल्या पंधरा राजपुत्रांच्या सह्यांचा करार घडवला: आपापल्या देशातल्या उत्तम कलाकृतींच्या नकला करून एकमेकांना द्यायच्या. १८७३ला प्लास्टरच्या नकलांची प्रचंड दालनं उघडली, ती आजही आहेत. जो माणूस रोमला जाऊ शकत नाही त्याने रोमचा स्तंभ लंडनला पाहावा, हा विचार. यात फसवणूक नाही, कारण दालनात शिरतानाच माहीत असतं की इथे सगळं नकलेचं आहे. प्लेटोने नकलेला फार कमी लेखलं. पलंगाचं तत्त्व एक, सुताराचा पलंग त्याची नक्कल, चित्रकाराचा पलंग नकलेची नक्कल, सत्यापासून तिसऱ्या पायरीवर. वर्गात हे शिकवताना आम्ही प्लेटोच्या बाजूने बोलत असू. आता तितकेसे बोलणार नाही. पायरी कितवी हा दोष नाही. पायरीचा आकडा लपवणं हा दोष.

आमच्या बिचव्याच्या पायऱ्या मोजू. पहिली, १६५९चं शस्त्र, जे आपल्यापुढे नाही. दुसरी, बखरीतला शब्द. तिसरी, त्या शब्दावरून कला-दिग्दर्शकाने काढलेलं चित्र. चौथी, कारागिराने केलेली वस्तू. पाचवी, पडद्यावरची प्रतिमा, तीही दोन बिचव्यांची मिळून एक. सहावी आमची. प्लेटोने आम्हाला दारातही उभं केलं नसतं.

लोहाराचं ऐकून आम्ही मुलांना म्हणालो, आता दोन रस्ते. जुन्या बिचव्यासारखा करायचा की मालिकेतल्यासारखा? बरीच वादावादी झाली. शेवटी मालिकेतलाच ठरला. मुलांचं म्हणणं सरळ होतं: लोकांनी तोच पाहिला आहे, दुसरा दाखवला तर तोच खोटा वाटेल. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

केला तो ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं हलकं, मिरवणुकीत चार तास हातात धरायला बरं. एकाने कानशीने वाक काढला, कडा मुद्दाम गोल ठेवल्या. कडं पितळेचं. ॲल्युमिनियमला पोलादाचा काळसर रंग येत नाही, त्यासाठी रंग आणि वर चुलीतली काजळी चोळली. कायद्याचाही विचार केला. शस्त्र कायदा १९५९चा, त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद धारदार पात्यांचा उल्लेख आहे, शेती आणि घरकामाची अवजारं त्यातून वगळून. म्हणजे जत्रेतला कोयता, ज्याने खरोखर काहीही तुटतं, तो निर्धोक. आणि आमचा भोपळाही न कापणारा बिचवा संशयित! (हशा) म्हणून धार ठेवलीच नाही आणि मिरवणुकीआधी पोलीस ठाण्यात दाखवून आलो.

मिरवणूक झाली. झकास झाली. लोकांनी बिचवा ओळखला, टाळ्या पडल्या. एका म्हातारीने पुढे होऊन त्या पात्याला हात लावून हात कपाळाला लावला. आमच्या कारागीर मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. इथपर्यंत सगळं छान आहे.

पुढे वस्तू कुठे ठेवायची म्हणून एका शाळेला दिली. शाळेचं नाव घेत नाही. कपाटात गडांची चित्रं होती, त्यांच्याजवळ बिचवा ठेवला. चिठ्ठी लावायला आम्ही विसरलो. खरं सांगायचं तर विसरलो नाही, गरज वाटली नाही. सगळ्यांना माहीतच होतं ना!

सहा-सात वर्षांनी त्याच शाळेत कार्यक्रमाला जायचा योग आला. नवे शिक्षक, नवी मुलं. एक चुणचुणीत मुलगी आम्हाला कपाटापाशी घेऊन गेली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "हा शिवकालीन बिचवा आहे, सिद्धगडावर सापडला." खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: शिवकालीन बिचवा. रंग काही ठिकाणी उडून ॲल्युमिनियम पांढरं दिसत होतं. महाराजांच्या काळात ॲल्युमिनियम! त्या धातूला माणसाने पहिल्यांदा वेगळं काढलं तेच एकोणिसाव्या शतकात.

कुणी खोटं बोललं होतं का? नाही. चिठ्ठी नव्हती, कुणीतरी चांगल्या हेतूने लावली. गड जवळचा, म्हणून सिद्धगड. ज्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ला भाई कोतवालांनी देह ठेवला, ज्याचा खरा इतिहास त्या मुलीला सांगण्यासारखा आहे, त्याच्या नावावर आमची ॲल्युमिनियमची पट्टी चढली. लंडनच्या पेटीला हसणारे आम्ही, आमची पेटी सहा वर्षांत तयार झाली होती.

मुलीला तिथेच सांगावं की नाही? आम्ही कच खाल्ली. तिचा चेहरा पाहिला आणि "छान सांगितलंस" म्हणून पुढे गेलो. पन्नास वर्षं ज्ञानाची प्रमाणं शिकवून वेळेवर हे केलं. रात्री झोप लागली नाही.

आठवड्याने कारागीर मुलाला, आता तो दोन लेकरांचा बाप आहे, बरोबर घेऊन परत गेलो. सांगितलं. शिक्षकांना वाईट वाटलं, एक-दोघांनी तर म्हटलं, असू द्या ना सर, मुलांना प्रेरणा मिळते. त्यावर तो मुलगाच बोलला, आम्ही नाही. म्हणाला, "गुरुजी, ही चीज मी केलीय. शिवाजीच्या नावावर खपली तर माझं काम गेलं, आणि त्यांचंही नाव राहात नाय." याच्यापुढे आम्ही काय तत्त्वज्ञान सांगणार? त्याने खिळ्यासारखा पोलादी पंच आणला होता. मुठीच्या आतल्या बाजूला, ठोके मोजत, अक्षरं उठवली: नक्कल, गावाचं नाव, आणि साल.

कागदाची चिठ्ठी गळते, बदलते. म्हणून ज्यांच्या घरी, मंडळात, शाळेत अशा वस्तू आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे: धातूवरच साल उठवा. आत्ता, माहीत असलेली माणसं जिवंत आहेत तोवर.

आणि ती मुलगी? तिला बोलावून सगळं सांगितलं, मालिका, पुठ्ठा, लोहार, सगळं. ती हिरमुसली. बराच वेळ बिचवा उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, "मग खरा कसा होता?" आम्ही तिला सभासद काय म्हणतो, परमानंद काय म्हणतो, खाफीखान काय म्हणतो ते सांगितलं. ती म्हणाली, "तिघं तीन का सांगतात?"

इतिहासाचा तास तिथे सुरू झाला. आमचं व्याख्यान इथे संपतं.